चार बोटं काळी माती

गच्चीवरच्या निळ्या ड्रममधलं डाळिंब गेलं तेव्हा मला वाईट वाटलं. चिकू गेला तेव्हा राग आला. आणि लिंबोणीची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा नुसता शीण आला. शाळेतून घरी यायचं, पर्स खुंटीला अडकवायची आणि दुखरे गुडघे घेऊन पुन्हा जिना चढून आज किती पानं गळाली ते बघायचं, याचा शीण. झाड माझं असतं तर मी केव्हाच ड्रम उपडा करून त्यात जुनी रद्दी भरली असती. पण झाड वडिलांचं होतं, आणि ते जगलं नाही तर वडील माझं घर सोडून जाणार होते.

वडिलांना मी दादा म्हणते. तिसगावच्या पुढे आमची वस्ती आहे. चार घरं, एक विहीर, बाकी सगळं रान आणि वारा. आई गेल्यावर दादा तिथे एकटेच राहायचे. ज्वारीची भाकरी स्वतः थापायचे. फोनवर विचारलं की "झकास हाय" म्हणायचे. मग एका चैत्रात ते विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि चक्कर येऊन पडले. उन्हात किती वेळ पडून होते कोण जाणे. डेअरीला दूध घालायला निघालेल्या एका गड्याने पाहिलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका, पुढच्या खेपेला कुणी बघेलच असं नाही. मी एकुलती एक. निर्णय घ्यायला दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

नगरला आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, पण तोंडातून अजून नगरच निघतं. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, मुलगी शिकायला पुण्यात आहे. म्हणजे एक खोली मोकळीच होती. अडचण खोलीची नव्हती. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहत नाही, ही अडचण होती. जुन्या माणसांत तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. दादा माझ्या लग्नानंतर पहिली काही वर्षं यायचे, ते खाटेच्या कडेवर टेकल्यासारखे बसायचे आणि पाण्याचा तांब्या हाताने बाजूला सारायचे. चहा मात्र घ्यायचे. चहाला पाणी लागत नाही असा त्यांचा हिशेब असावा. जाताना शेंगा, हरभरा, काहीतरी ठेवूनच जायचे. फुकट टेकले असं व्हायला नको.

त्या माणसाला मी कायमचं आणून बसवलं होतं. बसले, पण कसे? दारामागच्या खुंटीला त्यांनी आपली कापडी पिशवी अडकवली आणि ती रिकामी केलीच नाही. दोन धोतरं, बंडी, टॉवेल, चुन्याची डबी, वस्तीवरच्या कुलपाची किल्ली. रोज सकाळी आंघोळ झाली की धुतलेलं धोतर वाळून परत पिशवीत. मी कपाट उघडून दाखवलं, तर म्हणाले, राहू दे, उद्या-परवा जायचंच हाय. हे उद्या-परवा महिनाभर चाललं. शेजारणी विचारायच्या, आजोबा पाहुणे आलेत का? आणि मी काय सांगावं हे मला कळायचं नाही.

तोडगा त्यांनीच काढला. एकदा संध्याकाळी गच्चीवर फिरून आले आणि मला म्हणाले, "बाई, वर लई मोकळी जागा हाय. आपल्या रानातली माती आनू, तिच्यात झाड लावू. मंग मी तुझ्या घरात न्हाई ऱ्हात. माझ्या मातीवर ऱ्हातो."

नवरा हसला. मला हसू आलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते राहायचं म्हणत होते. त्यासाठी त्यांनी पंढरी नगरला आणायला सांगितली असती तरी मी टेम्पो शोधला असता.

टेम्पो मिळाला. गावचा एक कांदेवाला मार्केटला कांदा घेऊन येतो, त्याच्या गाडीत गोण्यांच्या कडेला मातीची पोती आली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्लॅबला वजन होतं, पाणी गळतं वगैरे सुनावलं. मी सगळ्याला हो हो म्हटलं. एमआयडीसीतून नवऱ्याने निळे प्लॅस्टिकचे ड्रम आणले, अर्ध्यावर कापून घेतले. हमालाने पोती वर नेली तेव्हा दादा प्रत्येक पोत्यामागे जिना चढत होते, वरात निघाल्यासारखे. पोतं सोडलं, मूठभर माती हातात घेतली, दाबली, मला दाखवली. बोटांचे ठसे उमटलेला काळाभोर गोळा.

ही माती म्हणजे दादांची मिरवायची गोष्ट. आमच्या कोरडवाहू भागात जमिनीचा रंग माणसं पोरीच्या रंगासारखा सांगतात. माझ्या लग्नाच्या बैठकीत सासरच्यांनी विचारलं, जमीन कशी आहे? दादा म्हणाले होते, काळी, पुरुषभर खोल. माझ्या रंगाबद्दल मात्र कुणी फार बोललं नाही, तो काळाच होता आणि त्याचं कौतुक नव्हतं. वाटण्या झाल्या तेव्हा ओढ्याकडचं रान धाकट्या चुलत्यांकडे गेलं आणि माळाकडचं वरचं रान दादांकडे आलं. चुलते तेव्हापासून म्हणतात की वरच्या रानात काही दम नाही. आणि दादा तेव्हापासून म्हणतात, पुरुषभर काळी हाय. दोघं त्यावरून एकदा पंगतीतून उठून गेले आहेत.

माती आली, मग झाड निवडायचं आलं. मला वाटलं होतं हा सोपा भाग आहे.

दादांना चिंच हवी होती. चिंच नाही तर आंबा. मी म्हटलं, दादा, ड्रम कमरेएवढासुद्धा नाही, चिंचेची मुळं कुठं जातील? ते म्हणाले, खाली जातील. खाली आमचा हॉल होता. शेवटी मी शाळेतल्या एका बाईंना गाठलं, त्यांच्या गच्चीवर बरीच झाडं आहेत. त्यांनी स्टाफरूममध्ये डबा खाता खाता समजावून सांगितलं. कुंडीत लावायचं झाड थोड्यात भागवणारं हवं. रोप कलमी घ्या, म्हणजे उंच न होता लवकर फळतं. डाळिंब चालतं, लिंबू चालतं, अंजीर, चिकूचं कलम, पेरू. छाटणी सोसणारं घ्या. पिंपळ, उंबर, वड चुकून उगवला तरी लगेच काढा, तो स्लॅब फोडतो. आणि गच्चीवरचा वारा लक्षात ठेवा, शेवग्याची फांदी वाऱ्याने काडकन मोडते.

हे सगळं घरी येऊन दादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "थोड्यात भागवनारं झाड म्हंजी कसलं झाड? ती तर सून झाली."

नर्सरीवाला बोलका होता. काहीही विचारलं तरी "बारमाही आहे मॅडम" म्हणायचा. त्याने आम्हाला कागदी फुलांची बोगनवेल विकायचा फार प्रयत्न केला, ऊन सोसते, पाणी मागत नाही. दादांनी तिच्याकडे बघून सांगितलं की वास न्हाई, फळ न्हाई, वरून काटं, ही कशाला पोसायची. मग डाळिंब घेतलं. डाळिंब त्यांना पसंत पडलं, कारण माळरानावर ते लोक लावतात आणि पैसा होतो. गच्चीवर कसला पैसा, पण झाडाची लायकी ठरली.

लावायच्या दिवशी दादांनी नवी टोपी घातली. ड्रममध्ये काठोकाठ काळी माती भरली, मध्ये रोप, हळदकुंकू, पाणी. रात्री पोटभर जेवले. पिशवी खुंटीवरच होती, पण मला वाटलं, चला, आता निघेल.

पावसाळा लागला आणि ड्रमचं डबकं झालं. काळी माती रानात पाणी धरते म्हणून तिचं कौतुक. ड्रममध्ये तिने पाणी धरलं ते सोडलंच नाही. वर चार-चार दिवस पाणी उभं. खाली भोकं होती, ती चिखलाने बुजली. डाळिंबाची पानं गळाली, बुंधा हाताला मऊ लागला. उपटलं तर मुळांना नासका वास. पुढे थंडीत चिकूचं कलम लावलं. त्याला उन्हाळ्याने धरलं. ऊन तापलं तशी माती आक्रसली, ड्रमच्या कडेपासून सुटली, बोट जाईल एवढी फट पडली. मी शाळेला जायच्या आधी बादलीभर पाणी ओतायची, ते फटीतून सरळ खाली जाऊन गच्चीवर पसरायचं आणि मधलं ढेकूळ कोरडं ठणठणीत राहायचं. ओल दिसायची म्हणून आम्ही समाधानी, आणि चिकू तहानेने मेला. एका झाडाला पाण्याने मारलं, दुसऱ्याला पाण्यावाचून, माती एकच.

स्टाफरूममधल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अहो, शेतातली काळी माती कुंडीत कुणी भरतं का? कुंडीला हलकी माती लागते. थोडी माती, थोडा मुरूम किंवा वाळू, कुजलेलं शेणखत, नारळाचा भुसा. तळाला खापऱ्या घालायच्या, पाणी निथळलं पाहिजे. मला एकदम माझा कढीपत्ता आठवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत जुन्या कुंडीत, नर्सरीच्याच भुसभुशीत मातीत तो वर्षानुवर्षं मजेत होता. तो दादांना दाखवून काही सुचवावं म्हटलं, तर ते म्हणाले, कढीपत्ता काय झाड हाय व्हय? भाजीत घालायचा आन ताटाच्या कडंला काढून ठिवायचा.

माती हलकी करू असं मी स्पष्टच म्हणून पाहिलं. ते ऐकायलाच तयार नव्हते. मुरूम हा शब्द मी उच्चारला तेव्हा तर त्यांचा चेहराच उतरला. मुरूम म्हणजे ज्यात काही येत नाही ते. माझ्या मातीत तू मुरूम कालवनार? एवढंच विचारलं आणि उठून खोलीत गेले.

तिसऱ्या खेपेला कागदी लिंबू लावलं, तेही त्याच मातीत. लावून झाल्यावर हात धुताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे लागलं तर ठीक. न्हाईतर मला पाथर्डीच्या गाडीत बसवून दे, तिसगावला उतरंल मी. माझी मातीच हितं लागना, तर मी कसा लागंल?"

मी त्या आठवड्यात दहावीचे पेपर तपासत होते, नवऱ्याची रात्रपाळी होती, पाणी दिवसाआड येत होतं आणि माझ्या बापाचं जगणं एका नर्सरीच्या रोपाला टांगलेलं होतं. वस्तीवर परत जाणं म्हणजे काय हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. विहिरीजवळची ती जागा मी बघून आले होते. खरं सांगायचं तर कधी कधी मनात यायचं, जाऊ दे यांना, हट्टच आहे तर जाऊ दे. मग मलाच रडू यायचं.

पहिल्या पावसानंतर लिंबोणीची पानं पिवळी पडू लागली. ड्रमवर पाणी उभं होतं. दादा सकाळी वर जायचे, बघायचे, खाली यायचे. बोलणं कमी झालं. भाकरी अर्धी ठेवायला लागले. आणि त्याच सुमाराला गावाकडे भावकीत एक लग्न निघालं. घरचा कर्ता माणूस म्हणून त्यांना जाणं भाग होतं. पिशवी खुंटीवरून काढून, तीच घेऊन ते गेले. परत येतील की नाही याची मला खात्री नव्हती. चुलत्यांच्या घरी मुक्काम होता, म्हणून एकटे नसणार एवढंच समाधान.

ते गेले त्या दुपारी मी आणि नवऱ्याने ड्रम उपसला. उपसला म्हणजे काय, फोडला. वरचा चिखल खोऱ्याने निघाला, पण खाली माती विटेसारखी बसली होती, तिला पहारीने ढिली केली. लिंबोणीची मुळं हळूच सोडवली, नासलेली कापली. नवरा म्हणाला, तू उपद्व्याप करतेस, म्हाताऱ्याला कळलं तर? मी म्हटलं, कळलं तर जातील, झाड मेलं तरी जातीलच. तळाला फुटक्या कौलांच्या खापऱ्या, मग मुरूम, भुसा, शेणखत आणि त्यातच थोडी काळी माती असं कालवून भरलं. सगळ्यात वर त्यांची काळी माती चार बोटं पसरली, हाताने सारखी केली. उरलेली पोत्यात भरून पाण्याच्या टाकीमागे सरकवून ठेवली. ती फेकायची माझी हिंमत झाली नाही. कंबर इतकी दुखत होती की रात्रीचा स्वयंपाक केलाच नाही, पोहे खाल्ले.

दादा परत आले. पिशवी खुंटीवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले, मी जिन्यात उभी राहून बघत होते. त्यांनी ड्रमपाशी उकिडवं बसून मातीवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग एक पिवळं पान खुडून टाकलं आणि खाली आले. चहा मागितला. मी चहा टाकला.

श्रावण संपता संपता लिंबोणीला नवी पालवी फुटली. तांबूस, कोवळी, बोटात चुरगाळली की हाताला दिवसभर वास. दादा बोलायला लागले. खाली पार्किंगमध्ये जाऊन वॉचमनला माझी माती, माझी माती सांगायला लागले. सेक्रेटरींनासुद्धा वर नेऊन दाखवून आले. उन्हाळ्यात ते स्वतः जुनी चादर बांधून झाडाला सावली करायचे. वरची काळी माती वाऱ्यापावसाने खाली बसली की मी टाकीमागच्या पोत्यातून ओंजळभर आणून वर पसरायची, ते झोपलेले असताना. पुढच्या वर्षी फुलं आली, मग मुगाएवढी हिरवी फळं, आणि मग एक वेळ अशी आली की भाजीवालीकडून लिंबं घेणं बंद झालं. फक्त पिशवी तेवढी रोज भरून खुंटीवर. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

चुलते डोळे तपासायला नगरला आले तेव्हा आमच्याकडे जेवायला थांबले. दादांपेक्षा पाचेक वर्षांनी लहान, पण काठी घेऊन चालतात आणि बोलताना ती आपटतात. जेवताना इकडचं तिकडचं झालं. मग हात धुताना त्यांनी विषय काढलाच. गावात लोक विचारतात, म्हणाले. थोरला लेकीच्या दारात पडून आहे, मग पुतण्यांची घरं ओस पडलीत का, असं विचारतात. आम्ही मेलो का? मी ताटं उचलत होते. नवरा पान घेऊन येतो म्हणून बाहेर सटकला.

दादा शांतपणे म्हणाले, "लेकीच्या दारात कोन हाय? मी माझ्या मातीवर हाय. चल, दाखवतो."

दोघं म्हातारे एकमेकांना धरून जिना चढले. मी मागून चहा घेऊन गेले. लिंबोणी तेव्हा चांगली फळलेली होती, पिवळी-हिरवी लिंबं पानांतून दिसत होती. दादांनी हात करून झाड दाखवलं. चुलत्यांनी झाडाकडे बघितलंच नाही. शेतकरी माणूस आधी खाली बघतो. त्यांनी काठी उचलली आणि ड्रममध्ये खुपसली. काठी लोण्यात जावी तशी तळापर्यंत आत गेली. त्यांनी ती बाहेर ओढली, टोकाला लागलेला तपकिरी भुसा आणि मुरमाचे खडे बोटांनी काढले, तळहातावर घेऊन दादांपुढे धरले.

"ही तुझी काळी व्हय, दादा? हा तर भुसा हाय. खाली सगळा मुरूम भरलाय."

मी ट्रे कठड्यावर ठेवला. मला वाटलं, संपलं. आता हे खाली जातील, पिशवी काढतील आणि भावाबरोबरच गाडीत बसतील. दादा माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते चुलत्यांच्या तळहाताकडे बघत होते. मग त्यांनी त्यातला एक खडा उचलला, अंगठ्याने पुसला.

"वर चार बोटं काळी, खाली मुरूम," ते म्हणाले. "मंग आपल्या वरच्या रानात तरी दुसरं काय हाय? तिथं बी येवढीच हाय. विहीर खांदली तवाच बघितलं हुतं मी. त्याच्यावरच जगलो की समदे. ही शिकली, ती बी त्याच्यावरच."

हे वाक्य ऐकायला चुलत्यांनी उभा जन्म घालवला होता, त्यासाठी भर पंगतीतून उठले होते, आणि आता ते मिळालं तर त्याचं काय करावं हे त्यांना समजेना. तळहातावरची माती त्यांनी परत ड्रममध्ये टाकली आणि हात झटकला. मग म्हणाले, "लिंबं बाकी झ्याक धरल्यात." आणि चहा प्यायले.

गाडीची वेळ झाली होती. दादा माझ्याआधी खाली उतरले. मी कपबशा घेऊन आले तर ते दारामागे उभे होते, खुंटीवरची पिशवी त्यांच्या हातात. त्यांनी पिशवी खाटेवर उलटी केली. धोतरं, बंडी, टॉवेल, डबी सगळं पडलं. रिकामी पिशवी झटकली आणि पुन्हा वर गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा ती लिंबांनी फुगली होती. भावाच्या हातात दिली. वस्तीवरची किल्लीही दिली. म्हणाले, अधूनमधून दार उघडत जा, घुशी होत्यात. पिशवी परत पाठवायची घाई न्हाई.

रिक्षा गेली. मी अजून दारातच होते. मला विचारायचं धाडस नव्हतं, तरी विचारलं, दादा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"पावसाळाभर एकदा बी पानी तुंबलं न्हाई," ते म्हणाले. "काळी माती अशी आसती व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बी न्हाई बोललीस."

मग त्यांना जांभई आली आणि ते आडवे व्हायला गेले. खाटेवर कपडे पसरलेले होते म्हणून उभेच राहिले. मी धोतरांच्या घड्या घातल्या आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्याला त्यांचा हात पोचत नाही, खालच्यासाठी त्यांना वाकवत नाही. म्हणून माझ्या साड्या काढून मी मधला कप्पा रिकामा केला.